मागच्या दारचा भारा

मधुकररावाच्या वावरात ते यंत्र उतरलं त्या दिवशी गावातल्या आठ बाया धुऱ्यावर बसून पाहत होत्या, आणि आठही जणींच्या हातात पराटी उपटायचे चिमटे होते. पुढे ट्रॅक्टर, मागे ती लोखंडी पेटी. वाळलेल्या कपाशीच्या ओळीत शिरली की घर्र घर्र आवाज व्हायचा, पुरुषभर उंचीची पराटी, म्हणजे वेचून झालेली कपाशीची झाडं, आत जायची आणि मागून नुसता भुगा पडायचा. आठ बायांचं दहा दिवसांचं काम त्या मेल्या यंत्रानं दुपारच्या भाकरीच्या आत उरकून टाकलं.

"झालं," सीताबाई चिमटा मातीत रोवत म्हणाली. "आता ह्या चिमट्यानं आपापल्या कानातला मळ काढा."

बाया हसल्या. मधुकररावही बांधावरून हसला. माणूस वाईट नव्हता. "बोंडअळी मरते यानं, सीताबाई," त्यानं ओरडून सांगितलं. "भुगा जमिनीत गेला की खत होते. साहेब लोक सांगून राह्यले."

"अळी मरो जी," सीताबाई म्हणाली, "पण आमाले काऊन मारता तिच्या संग?"

तिची सून सरिता मात्र हसली नाही. दिवाळीनंतर कापूस वेचायचा आणि संक्रांतीपासून होळीपर्यंत पराट्या उपटायच्या, हे बायांचं ठरलेलं काम. अर्धी मजुरी रोख, बाकी काड्या. चिमट्यानं पराटीची मान पकडायची, कमरेतून जोर द्यायचा आणि मुळासकट वर. संध्याकाळी कंबर धरायची, तळहाताला फोड यायचे, पण घरी भाकरी यायची आणि ती भाजायला इंधनही यायचं. आता यंत्र आलं म्हणजे हे दोन महिने गेलेच. सरिताचा नवरा अश्वजित हिंगणघाटला जिनिंगमध्ये होता, रविवारी घरी यायचा. गेल्या रविवारी तो म्हणाला होता, "इथी काम नसन तर चाल माया संग. एखादी खोली पाहतो."

आणि सरिताला जायचं नव्हतं. ती आर्वीकडची, लग्न होऊन सहा वर्षं झालेली. पण ह्या घरात तिचा जीव रमला होता. सासरा प्रेमदास चौऱ्याहत्तरचा, सातवी शिकलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. सून वावरातून आली की आपण उठून तिला पाण्याचा लोटा देणारा. असा सासरा गावात दुसरा दाखवा! सीताबाईचं तोंड तिखट, पण तिचा तिखटपणा जेवणातल्या ठेच्यासारखा, नसला तर घास उतरत नाही. ह्या दोघांना सोडून हिंगणघाटच्या दहा बाय दहाच्या खोलीत जाऊन काय भिंती पाहायच्या? इथेच काहीतरी काम उभं करायचं, असं तिनं मनाशी धरलं. पण काय काम, ते कळत नव्हतं.

कळवलं शेजारच्या रुख्मिणीनं.

मधुकररावाचं पाहून गावातल्या आणखी पाचसहा कास्तकारांनी ते यंत्र भाड्यानं नेलं. पंधरा दिवसांत गावाभोवतालची वावरं साफ. आणि मग गावाच्या ध्यानात आलं, की यंत्रानं अळीसोबत चुलीही मारल्या. तसं घरोघरी लाल सिलिंडर होतं, पण ते चहापुरतं आणि पाहुण्यापुरतं. आंघोळीचं पाणी काही कोणी गॅसवर तापवत नाही. त्यात माघाची थंडी. रुख्मिणी रोज सकाळी कुडावरून हात लांबवायची, "सरिता, चार काड्या दे वं."

सरिताच्या सांदवाडीत, घरामागच्या मोकळ्या जागेत, काड्यांना तोटा नव्हता. त्यांचं वावर दोन एकर, तेही टेकडीच्या उताराला. तिथे ट्रॅक्टर चढतच नाही, म्हणून पराटी हातानंच उपटलेली. शिवाय तुराट्यांची गंजी. आणि जूनच्या वादळात धुऱ्यावरची जुनी बाभूळ उन्मळून पडली होती, तिची लाकडं टिनाच्या आडोशाला छपराएवढी रचलेली. दोन वर्षं जाळली तरी सरली नसती.

"रोज चार काड्या मागाले मले लाज वाटते," एक दिवस रुख्मिणी म्हणाली. "भारा बांधून दे अन् पैशे घे. लोक पाण्याचे पैशे देतात, काड्याचे नाई देनार?"

सरितानं सासूला विचारलं. सीताबाईनं डोळे मोठे केले. "शेजाऱ्याले काड्या इकाच्या? उद्या इस्तोही इकशील!" पण संध्याकाळी तीच म्हणाली, "साठ रुपये घेजो. पन्नास म्हणशील तर चाळीस देतील."

प्रेमदासला तर हे काम मनापासून आवडलं. अंगणात बाभळीचा ओंडका आडवा टाकायचा आणि कुऱ्हाड घेऊन बसायचं. त्यानं सरिताला फोडायला शिकवलं. "गाठीवर घाव घालू नको, सूनबाई. गाठ जिद्दी असते. तिच्या बाजूनं रेघ पाह्य, तिथी हाण." सरितानं हाणलं की ओंडका दोन फाकांत पडायचा आणि म्हातारा म्हणायचा, "शाबास!" भारा कसा रचायचा तेही त्यानंच ठरवलं. खाली बाभळीच्या चार फाका, त्यावर तुराट्या, मधोमध पेटवायला बारीक पराटी, आणि वरून अंबाडीच्या दोराचे दोन आवळ. पेटवणारीला फुंकणी शोधावी लागू नये असा भारा. आठ दिवसांत सात घरं लागली. अश्वजितनं फोनवर खोलीचं विचारलं तेव्हा सरिता म्हणाली, "खोलीचं ऱ्हाऊ द्या. मी इथी कामात आहो."

मग मंदाबाईचा फोन आला.

मंदाबाई म्हणजे मधुकररावाची बायको. साठीची, अंगानं भारदस्त, बोलायला मोकळी. यंत्र आणलं तिच्याच घरानं, पण हौसेच्या भरात मधुकररावानं आपल्या चुलीपुरतीही पराटी मागे ठेवली नव्हती, सगळीचा भुगा करून टाकला. ह्यावरून मंदाबाईनं त्याला चार दिवस थंड पाण्यानं आंघोळ घातली, असं गावात बोलत होते. "सरिता," ती फोनवर म्हणाली, "एक भारा टाकून देजो वं मागच्या दारी."

सरितानं भारा डोक्यावर घेतला आणि निघाली. बाकीच्यांना देत होती तसाच हाही. मागचं दार गोठ्याकडून होतं, ती तिकडून गेली. तिला त्यात काहीच वाटलं नाही. माहेरी तिच्या गावात असं दारांचं कधी कोणी बोललं नव्हतं.

मंदाबाईनं भारा पाहून तोंड भरून कौतुक केलं. "काय सुरेख बांधला वं! बस, बस घडीभर." सरिता पोत्यावर बसली. मंदाबाई आत गेली आणि सूपभर ज्वारी, एक ब्लाऊजपीस आणि कागदात बांधलेल्या चकल्या घेऊन आली.

"काकू, भाऱ्याचे साठ रुपये..."

"अवं, पैशे काय पळून राह्यले! हे घे ना. आमच्या घरी पह्यलेपासून तुमच्याच घरून इंधन येत होतं. सासूबाई सांगत. तुया आजसासऱ्याच्या हातचा भारा म्हणे कधी वला नाई निंघाला." मंदाबाई हे इतकं प्रेमानं बोलली, की सरिताला नाही म्हणायचं सुचलंच नाही. ज्वारी पदरात बांधून ती घरी आली. साठ रुपयांपेक्षा जास्तच मिळालं, असंही तिला वाटून गेलं. खोटं कशाला सांगा.

प्रेमदास अंगणात ओंडका फोडत होता. त्यानं पदराकडे पाहिलं. "काय वं ते?"

"जवारी, मामाजी. मंदाकाकूनं देली. भाऱ्याची."

कुऱ्हाड थांबली. "कोनत्या दारानं गेलती?"

"मांगच्या."

म्हातारा उठला, कुऱ्हाडीचं पातं धोतराला पुसलं, छपरीत जाऊन ती वर आढ्याला खोचली आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला. जेवायला हाक मारली तरी उठला नाही. दुसऱ्या दिवशी उठला, पण बोलला नाही. सरितानं पाण्याचा लोटा पुढे केला, तर तिच्या हातून न घेता स्वतः रांजणाकडे गेला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

"आई, माया हातून काय झालं?" तिनं सीताबाईला विचारलं. दोघी चुलीपाशी होत्या.

सीताबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग बोलली, पण नेहमीचा तिखटपणा आवाजात नव्हता. "यायचा बाप, तुया आजसासरा, श्रावण. थो त्या घरी लाकूड घाले. इकत नाई, घाले. दिवाई झाली का चार महिने रोज एक भारा, त्याच मागच्या दारी. ते आपल्या लोकायवर लादलेलं वेठीचं कामच होतं. बदल्यात होळीले सूपभर जवारी. कधी किडकी, कधी चांगली. हे सहा वर्षाचे होते तवा बापाच्या मांगं लहान भारा घेऊन जात. मंग छप्पन साली बाप नागपूरले गेला, दीक्षा घेऊन आला. त्या वर्सी दिवाई झाली, पण भारा गेला नाई. गावानं चार महिने काम देलं नाई, विहीर बंद केली. घरात पराटीच्या बोंडातले दाणे भाजून खाल्ले म्हनतात. पण भारा गेला नाई तो गेलाच नाई." तिनं भाकरी निखाऱ्यावर टाकली. "काल गेला."

सरिताला चुलीची धग लागेना की काही लागेना. इतकी वर्षं ह्या घरात राहून आपल्याला हे कोणी सांगितलं नाही, ह्याचा राग आला. आपण विचारलंही नाही, ह्याचा त्याहून जास्त आला. आणि सूप पदरात घेताना आपल्याला बरं वाटलं होतं, ते आठवून तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती उठली. ज्वारी, ब्लाऊजपीस, चकल्या, सगळं टोपलीत घातलं आणि भर सकाळी मधुकररावाच्या पुढच्या फाटकातून आत गेली. मंदाबाई ओट्यावर मेथी निवडत होती.

"काकू, हे तुमचं वापस. भाऱ्याचे साठ रुपये द्या."

मंदाबाईचा चेहरा पडला. "काऊन वं? किडकी निंघाली का?"

"किडकी नाई, बेस आहे. पण मी भारा इकला. घातला नाई."

हा शब्द मंदाबाईच्या कानी पडला, पण आत पोचला नाही. तिला एवढंच कळलं, की आपण प्रेमानं दिलेलं ही पोर आपल्याच ओट्यावर आणून आपटते आहे. "आपल्या घरचं समजून देलं म्या, अन् तू तोंडावर आणून फेकतं? चार काड्याचं काय दुकान मांडलं का तू?"

"हो," सरिता म्हणाली. "दुकानच मांडलं."

टोपली रिकामी करून ती परत आली. पैसे मिळाले नाहीत. मिळाली ती कीर्ती. दुपारपर्यंत गावभर झालं, की प्रेमदासची सून फार शहाणी झाली, मोठ्या माणसाचं दिलेलं अंगावर फेकते. मंदाबाईच्या बाजूची तीन गिऱ्हाइकं दुसऱ्या दिवशी आलीच नाहीत. आणि घरात म्हातारा तसाच. सरिता ज्वारी परत करून आली, हे त्याला सीताबाईनं सांगितलं होतं. पण गेलेला भारा काही परत येत नव्हता. कुऱ्हाड आढ्यावर आणि म्हातारा खाटेवर. रविवारी अश्वजित आला तर घरात तिघांची तीन तोंडं. "बाबाचा राग आहे तर सोड ना," तो म्हणाला. "चाल हिंगणघाटले."

"आता तर मुळीच येत नाई," सरिता म्हणाली. "आता गेलो तर मामाजी म्हणतीन, भारा घातला अन् पळाली."

सोमवारी तिनं स्टुलावर चढून कुऱ्हाड काढली. म्हातारा पाहत होता. त्याच्यासमोर बसून तिनं एकटीनं लाकडं फोडली. गाठीच्या बाजूची रेघ पाहून घाव घालत होती, पण निम्मे घाव चुकत होते. एक ढलपी उडून कपाळाला लागली, रक्ताचा थेंब आला. तो तिनं पदरानं टिपला आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली. म्हाताऱ्यानं मान फिरवली.

संध्याकाळी तिनं छपराच्या जुन्या टिनाचा एक तुकडा घेतला आणि त्यावर चुन्यानं ठळक अक्षरांत लिहिलं:

इंधन विकणे आहे. एक भारा साठ रुपये. इथे येऊन न्यावा. घरपोच मिळणार नाही.

टिन कुडाला बांधलं. रुख्मिणीनं ते वाचलं आणि कमरेवर हात ठेवून हसत सुटली. "अवं, सारे दुकानवाले घरपोच द्याले मरून राह्यले, अन् तू लिवतं घरपोच मियनार नाई! कोनत्या शाळेत शिकली वं धंदा?"

"इथीच शिकलो," सरिता म्हणाली. "परवाच शिकलो."

म्हातारा खाटेवरून उठला, अंगणात आला, चष्मा वर सरकवला. ती चार वाक्यं त्यानं दोनदा वाचली. शेवटचं बहुतेक तीनदा. मग आत गेला. पण दुसऱ्या दिवशी सरितानं कुऱ्हाड घेतली तर पात्याला नवी धार होती. बोट लावलं असतं तर कापलं असतं. धार लावली तर बोलायला काय झालं, असं तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

दहा दिवस असे गेले. गिऱ्हाइकं चार राहिली. भारा घ्यायला जो येईल त्याच्या डोक्यावर तो चढवायला सरिता हात लावी, पण कोणाच्या दारी जात नसे. फणफणत का होईना, लोकांना सवय लागत होती. आणि मग माघ संपता संपता आभाळ आलं. गिरडच्या टेकडीवर काळं दाटलं आणि दोन दिवस अवकाळी पाऊस कोसळला. गारा नव्हत्या हे नशीब. कोणाची उरलीसुरली लाकडं भिजली, कोणाच्या गोवऱ्या विरघळल्या. सरिताची गंजी टिनाखाली होती आणि वरून ताडपत्री. पाऊस थांबला त्या सकाळी कुडापाशी सहा जण उभे. न येणारी ती तीन घरंही त्यात होती. पोट आणि थंड पाणी, दोघंही माणसाला शहाणं करतात.

नऊच्या सुमाराला फोन वाजला. मंदाबाई. भांडणानंतर पहिल्यांदाच.

"सरिता, दोन भारे पाह्यजेत. माया मयुरीले पाहाले लोक येऊन राह्यले, चंद्रपूरचे. रोडग्याचं जेवण सांगतलं त्यायले. पोराची मायच म्हने, चुलीवरचं पाह्यजे. आता रोडगे भाजाले गोवऱ्या आहेत गोठ्यात कोरड्या, पण पेटवाले काडी नाई. टाकून..." ती अडखळली. "धाडून देतं का?"

"काकू, पाटीवर लिवलं आहे."

"वाचली वं म्या पाटी! साऱ्या गावानं वाचली. पण गडी बंडूजी सुट्टीवर, ट्रॅक्टर चिखलात फसला, पोरगा योगेंद्र दुकानात सामान आणाले गेला. हे गाडी घेऊन समुद्रपूरले गेले पाहुण्यायले आणाले. मी एकली आहो घरी."

पोरगी दाखवायची म्हणजे काय असतं, ते सरिताला माहीत होतं. पण तिनं दात आवळले. "दोन भारे बांधून ठेवतो, काकू. तुमी या."

पलीकडून फोन बंद झाला. सीताबाई म्हणाली, "नाई येत थे." रुख्मिणी कुडावरून म्हणाली, "पैज लाव, नाई येत."

पण मंदाबाई आली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, पावलं चिखलात माखलेली, गल्लीतल्या दहा जणांच्या नजरा झेलत आली. आल्या आल्या तिनं मुठीतले पैसे सरिताच्या हातावर ठेवले. "हे तीन भाऱ्याचे. दोन आजचे अन् एक त्या दिवशीचा." मग अंगणातले दोन भारे पाहिले आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सरिता, घेऊन चाल ना वं. दोन पावलं आहेत. पाहुणे घंट्याभरात येतीन."

सरिताचे हात भाऱ्याकडे जायला पाहत होते, सहा वर्षांची सवयच तशी. मोठी बाई उभी आहे, तिच्या घरी पोरीचं कार्य आहे, आणि आपण पाटी दाखवतो! पण पाठीमागे छपरीत म्हातारा बसला होता. तिला त्याच्याकडे पाहायचीही हिंमत होईना.

खाट करकरली. प्रेमदास उठला. खांद्यावरचा दुपट्टा काढला, पिळून पिळून त्याची चुंबळ केली आणि मंदाबाईपुढे धरली.

"घ्या. नाई तर डोकशाले टोचन."

मंदाबाई त्या चुंबळीकडे पाहत राहिली. गल्ली पाहत राहिली. मग तिनं चुंबळ घेतली आणि स्वतःच्या हातानं डोक्यावर ठेवली. म्हाताऱ्यानं एका बाजूनं आणि सरितानं दुसऱ्या बाजूनं भारा उचलून तिच्या डोक्यावर चढवला. मंदाबाई एकदा डगमगली.

"मान ताठ ठेवा," प्रेमदास म्हणाला. "पायाकडं पाहू नका."

"शिकवू नका जी मले!" मंदाबाई भाऱ्याखालून म्हणाली. "मायेरी अठरा वर्साची होयेपर्यंत जंगलातून भारे आणले म्या. चार कोस. पाटलीन झालो ते इथी येऊन झालो." आणि खरंच, दोन पावलांत तिची चाल बसली. हात सोडला तरी भारा हलेना. रुख्मिणीनं तोंडाला पदर लावला, पण हसली नाही.

"अन् दुसरा?" सीताबाई म्हणाली. "दुसरा काय डोक्यावर डोकं ठेवून नेनार?"

कोणी काही बोलायच्या आत प्रेमदास सरिताकडे वळला. अठरा दिवसांनी.

"सूनबाई, दुसरा तू घे."

सरिताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मामाजी, पाटीवर..."

"पाटी घालून घेनाऱ्यायसाठी आहे. थे स्वतः उचलून राह्यली. उचलनाऱ्याच्या संग उचलाले लाज कायची? मंदाबाई पुढं, तू मांगं." तो वाकला आणि दुसऱ्या भाऱ्याला हात घातला. "अन् पुढच्या फाटकानं."

भारा म्हाताऱ्यानंच चढवला. सरिताचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून तशीच निघाली. दोघी चिखलातून, गावाच्या मधून चालल्या. पारावरची माणसं बोलायची थांबली. मंदाबाई कोणाकडे पाहत नव्हती. चालता चालता तिनं मागे न वळता विचारलं, "सरिता, त्या दिवशी तू म्हटलं, इकला, घातला नाई. श्रावणबुवा आमच्या घरी लाकूड घाले का?"

"हो काकू. दिवाईपासून होळीपर्यंत. सूपभर जवारीवर."

"सासूबाईनं घालाचं नाई सांगतलं मले," बरंच अंतर गेल्यावर मंदाबाई म्हणाली. "येत होतं, एवढंच सांगतलं."

फाटकापाशी पोचल्या तर फाटकाची एकच फळी उघडी, भारा आडवा अडत होता. मंदाबाईनं दणकून हाक मारली, "मयुरी! दोनी फळ्या उघड!" मयुरी नव्या साडीत धावत आली, आईच्या डोक्यावर भारा पाहून जागीच थबकली, मग घाईनं तिनं अडणी काढली. दोघी आत गेल्या. अंगणात रांगोळी, खुर्च्या मांडलेल्या.

"उतरू लाग वं," मंदाबाई धापा टाकत म्हणाली.

"मले कोन उतरू लागन, काकू? माया डोक्यावर पण आहे."

दोघी एकमेकींसमोर उभ्या, दोघींचेही हात वर. टाकावा तर खाली रांगोळी. मयुरीला भाऱ्याला हात कुठे लावायचा ते समजेना. मंदाबाईला आधी हसू आलं, मग सरिताला. आणि तेवढ्यात मागे गाडीचा हॉर्न. मधुकरराव पाहुणे घेऊन आला होता, ठरल्यापेक्षा अर्धा तास आधी. गाडीतून मुलाची आई उतरली, पन्नाशीची, किडकिडीत बाई. तिनं नुसतं एकदा पाहिलं, पर्स खुर्चीवर टाकली आणि पुढे होऊन सरिताच्या भाऱ्याला असा हात घातला, की हिनंही कधीकाळी भारे वाहिलेले दिसत होते. मग तिनं आणि सरितानं मिळून मंदाबाईचा उतरवला.

"चुलीसाठी का? वा, कोरडं खणखणीत आहे," ती बाई पराटीची काडी मोडून पाहत म्हणाली. आणि सरिताकडे वळून, "ह्या कोण?"

मधुकररावानं घसा खाकरला. तो काही सांगायला निघाला होता. पण मंदाबाई आधी बोलली, डोक्यावरची चुंबळ काढून नीट घडी घालत.

"ह्या सरिताबाई. आमी यायच्या घरून इंधन इकत घेतो."

बस, एवढंच. पाहुणी "बरं, बरं" म्हणाली, मयुरी पाणी आणायला गेली, मधुकररावानं खुर्च्या सरकवल्या. कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मंदाबाईनं दुपट्टा सरिताच्या हातात दिला, "प्रेमदासजीले सांगजो, दुपारी रोडगे खाले या म्हना. तिघंही या." सरिता हो म्हणाली आणि फाटकातून बाहेर पडली.

रस्त्यात कोणीतरी विचारलं, उद्यासाठी भारा आहे का. तिनं नुसती मान हलवली. बोलली तर ते वाक्य सांडेल अशी तिला भीती होती. "आमी यायच्या घरून इंधन इकत घेतो." मामाजींना ते जसंच्या तसं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता सांगायचं होतं, म्हणून चिखल तुडवत, भराभर पावलं टाकत, ती घरापर्यंत ते तोंडातल्या तोंडात घोळवत गेली.